डच डुकॅट
डच डुकॅट : नेदरलँड्सच्या संयुक्त प्रांतांनी 1586 पासून पाडलेले सोन्याचे व्यापारी नाणे. वजन साधारण 3.49 ग्रॅम, म्हणजे साडेतीन माशांहून किंचित जास्त. सोने हजारात 980 हून अधिक शुद्ध. नाणे इतके पातळ की बोटांनी दाबले तर वाकते.

दर्शनी बाजूस चिलखत घातलेला योद्धा उभा असतो. त्याच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात सात बाणांची जुडी असते; हे सात बाण म्हणजे सात प्रांत. सालाचे दोन तुकडे करून ते योद्ध्याच्या दोन बाजूंना टाकलेले असतात, एकीकडे ‘17’ तर दुसरीकडे ‘24’. कडेने लॅटिन बोधवाक्य फिरते : ‘एकोप्याने लहानांची वाढ होते’. त्याच्या शेवटी प्रांताच्या नावाचे संक्षिप्त रूप येते, उदाहरणार्थ उट्रेख्टसाठी ‘ट्रा’. मागच्या बाजूस नक्षीदार चौकट असून तीत फक्त मजकूर आहे. हे नाणे (पवित्र रोमन) साम्राज्याच्या कायद्याबरहुकूम आहे, अशी ग्वाही तो मजकूर देतो. राजाचा मुखवटा नाही, किंमतही लिहिलेली नाही. किंमत न लिहिण्यामागे कारण होते. डुकॅट हे ‘व्यापाराचे नाणे’ मानले जाई, त्याचा भाव बाजारात ठरे. व्यापाऱ्याने टांकसाळीत सोने नेऊन द्यायचे आणि डुकॅट पाडून घ्यायचे, अशी रीत होती.

नक्कल. या नाण्याच्या घराण्यातच नक्कल आहे. योद्ध्याचे डुकॅट येण्याआधी डच टांकसाळी हंगेरीच्या डुकॅटसारखी आणि स्पेनच्या फर्डिनंड-इझाबेलाच्या नाण्यांसारखी सोन्याची नाणी पाडत होत्या, कारण परक्या बाजारात ओळखीचा चेहरा चालतो. पुढे डच योद्धाच ओळखीचा झाला आणि त्याच्या नकला सुरू झाल्या.

सर्वांत मोठी नक्कल रशियाची. सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी टांकसाळीत 1735 पासून 1868 पर्यंत डच डुकॅट गुपचूप पाडले गेले. परदेशी मोहिमांवरील सैन्याचा खर्च भागवण्यासाठी ते लागत. दफ्तरात त्यांचा उल्लेख ‘प्रसिद्ध नाणे’ असा होई. रशियन लोक मात्र चिलखतवाल्याला ‘अरापचिक’, म्हणजे छोटा हबशी, म्हणत. डच सरकारने हरकत घेतल्यावर हा उद्योग थांबला. याला खोटे नाणे म्हणावे का? सोने खरे, वजन पुरे, खोटी होती ती फक्त जन्मभूमी. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘बनावट’पेक्षा ‘अनुकृती’ हा शब्द येथे न्याय्य आहे. मुलामा दिलेली हलक्या धातूची नाणी ही निराळी जात.

वॉर्साच्या टांकसाळीने 1831 च्या पोलिश उठावात हेच नाणे पाडले, पण योद्ध्याच्या शिरस्त्राणाजवळ चिमुकला गरुड कोरला. भिंग नसेल तर तो हमखास नजरेतून सुटतो.

अभ्यास. यामुळे नाण्यावरचे साल आणि गाव हा पुरावा मानता येत नाही, तो नाण्याने केलेला दावा असतो. अभ्यासक टांकसाळीची आणि तिच्या प्रमुखाची बारीक चिन्हे, अक्षरांची वळणे, चौकटीची नक्षी आणि वजन ताडून पाहतात. सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे ठशांची जुळवणी. एकाच ठशाने पाडलेली नाणी त्या ठशाचे ओरखडे आणि तडे अंगावर वागवतात. त्यावरून वेगवेगळ्या देशांत सापडलेल्या नाण्यांचा उगम एक आहे हे दाखवता येते. दागिन्यात गेलेल्या नाण्याला कडी बसवताना टाका लागतो, तेव्हा वजन फसवे होते.

बुडालेल्या जहाजावरील साठ्याला मोल येते ते यामुळेच. जहाज बुडाल्याचा दिवस ठाऊक असतो, म्हणून त्यातले नाणे त्यानंतरचे असू शकत नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘आकेरेंडाम’ 1725 मध्ये नॉर्वेच्या रुंदे बेटापाशी फुटले. काही पेट्या त्याच वर्षी काढल्या गेल्या, बाकीचा खजिना 1972 मध्ये पाणबुड्यांच्या हाती लागला. त्यात उट्रेख्टचे 1724 चे डुकॅट होते. वर्षभरही न वापरलेले, आशियाकडे निघालेले आणि उत्तरेच्या थंड पाण्यात अडकलेले. ‘व्लीगेंड हार्ट’ हे जहाज 1735 मध्ये झीलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि 1981 मध्ये सापडले. त्यावरही डुकॅट होते.

भारताशी संबंध. कंपनीची एक वखर 17व्या शतकात वेंगुर्ल्याला होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. मात्र कंपनीने आशियात आणलेल्या धनात चांदीचा वाटा मोठा असे. सोन्याच्या परदेशी नाण्यांपैकी मराठी मुलखात खरी रुजली ती व्हेनिसची. तिच्यावरील संत आणि डोज (व्हेनिसचा प्रमुख शासक) यांच्या आकृत्यांवरून तिला ‘पुतळी’ म्हणू लागले. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी तीच. तिच्याही नकला भारतात झाल्या, लॅटिन अक्षरांचा अर्थ न कळणाऱ्या कारागिरांनी ती नुसती रेघांसारखी कोरली. इंग्रज व्यापाऱ्यांच्या 18व्या शतकाच्या आरंभीच्या लिखाणात ‘गब्बर’ नावाचे एक सोन्याचे नाणे येते (मराठी वाचकाला वेगळाच गब्बर आठवेल, पण हे नाव बहुधा ‘गब्र’, म्हणजे परधर्मी, या फारसी शब्दावरून आलेले). पुढे 19व्या शतकाच्या सुरुवातीस एका इंग्रज लेखकाने त्याचा अर्थ ‘डच डुकॅट’ असा दिला.