लवकर घर न मिळणाऱ्या कुत्र्यांविषयी: दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारा कुत्रा बहुधा कोणत्या तरी निवाऱ्यात बरेच महिने काढून आलेला असतो. पिल्ले, लहान चणीचे कुत्रे आणि माणूस दिसताच शेपूट हलवत जाळीशी येणारे कुत्रे यांना तिथूनच घर मिळून जाते, आणि जे मागे राहतात त्यांना निवारे आमच्या स्वाधीन करतात. त्यांत म्हातारे, आंधळे, बहिरे, तीन पायांचे, कायमचे औषध लागणारे, एकमेकांवाचून न राहणाऱ्या जोड्या, बुजरे, आणि कधी तरी कोणाला चावलेले कुत्रे असतात. त्यांच्यासाठी घर शोधणे हा आमचा व्यवसाय आहे. तुम्ही भेटायला याल तेव्हा आम्ही इतके प्रश्न का विचारतो, कुत्र्याचे दोष गुणांच्या आधी का सांगतो आणि पहिल्याच भेटीत कुत्रा सोबत का देत नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक असावे म्हणून हे माहितीपत्रक लिहिले आहे.

निवाऱ्यात दिसणारा आणि घरात राहणारा कुत्रा

निवाऱ्यात कुत्रा पसंत करण्याचा निर्णय फार थोड्या वेळात होतो. अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा आणि क्लाइव्ह विन या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाहुणा आणि कुत्रा यांची भेट सरासरी आठच मिनिटे चालल्याचे आढळले, आणि कुत्र्याच्या साऱ्या हालचालींपैकी दोन गोष्टींचा निवडीशी ठळक संबंध दिसला. तो माणसाजवळ येऊन पडला का, ही एक. आणि माणसाने खेळायला बोलावल्यावर त्याने दुर्लक्ष तर केले नाही ना, ही दुसरी. भेदरून भिंतीकडे तोंड करून बसलेला कुत्रा या आठ मिनिटांतच नापास होतो, मग ओळखीच्या माणसांत तो कितीही लाघवी असो.

निवाऱ्यातला सततचा भुंकण्याचा कल्लोळ, अपुरी झोप आणि दिवसाकाठी बदलणारी माणसे यांमुळे कुत्र्याच्या शरीरातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले राहते. लिसा गंटर आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासात कुत्र्यांना एक-दोन रात्री एखाद्या घरी राहायला नेले असता हे प्रमाण उतरले, आणि निवाऱ्यात परतल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीला गेले. त्याच संशोधिकेच्या २०१६ मधील अभ्यासात ‘पिट बुल’ असे, म्हणजे आक्रमक समजल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या प्रकाराचे, लेबल लावलेले कुत्रे, दिसायला तसेच पण वेगळे लेबल असलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत, निवाऱ्यात कितीतरी जास्त काळ अडकून पडल्याचे दिसले. संकरित कुत्र्याची जात नुसत्या डोळ्यांनी ओळखण्यात अनुभवी माणसांचीही वरचेवर चूक होते, हे लक्षात घेता अशा लेबलाने कुत्र्याचे भवितव्य ठरावे हे आम्हाला पटत नाही, म्हणून आमच्या नोंदीत जातीचा रकानाच नाही.

या सगळ्यामुळे आम्ही एक नियम पाळतो. कोणताही कुत्रा दत्तक देण्यासाठी पुढे आणण्यापूर्वी किमान तीन आठवडे तो आमच्या एखाद्या तात्पुरत्या पालकाच्या घरी राहतो, आणि तुम्हाला मिळणारी माहिती त्या घरातल्या रोजच्या नोंदींवरून लिहिलेली असते. निवाऱ्यात जेवणाच्या भांड्यावरून गुरगुरणारा कुत्रा घरी निवांतपणे जेवतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. उलटही घडते. निवाऱ्यात अगदी शांत वाटलेला कुत्रा खरे तर भीतीने थिजलेला असतो आणि घरात जरा रुळल्यावर दारावरच्या प्रत्येक माणसावर धावून जाऊ लागतो. असे काही कळले की आम्ही ते नोंदीत पहिल्या ओळीत लिहितो, कारण लपवलेली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाहेर येतेच आणि मग कुत्रा आणखी एक घर गमावतो.

म्हातारे, अपंग आणि आजारी कुत्रे

मोठ्या चणीचा कुत्रा सातव्या-आठव्या वर्षी म्हातारपणाकडे झुकतो, तर लहान चणीचा दहाव्या वर्षीही तरतरीत असू शकतो. त्यामुळे नुसत्या वयाच्या आकड्यावर जाऊ नये. म्हाताऱ्या कुत्र्याचा स्वभाव ठरून गेलेला असतो, त्यात पुढे आश्चर्याचे धक्के कमी असतात, आणि ज्या घरात माणसे थकून परततात तिथे तो पिल्लापेक्षा कितीतरी सोपा जातो. त्याचे सांधे मात्र दुखत असतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी चटई टाकावी. त्याच्यासोबतचा काळ थोडा असेल, आणि हे आम्ही प्रत्येकाला, विशेषतः घरात लहान मुले असणाऱ्यांना, स्पष्टपणे सांगतो.

आंधळा कुत्रा घराचा नकाशा वासाने, पायाखालच्या स्पर्शाने आणि आवाजाने मनात बसवतो, आणि एकदा तो बसला की पाहुण्यांना त्याच्या आंधळेपणाचा पत्ताही लागत नाही. तुमच्याकडून एवढीच अपेक्षा असते की सामान वरचेवर हलवू नये, जिन्याच्या तोंडाशी अडसर लावावा आणि त्याला हात लावण्यापूर्वी बोलावे. बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणा शिकवता येतात आणि तो त्या झपाट्याने शिकतो, कारण त्याचे लक्ष सतत माणसाकडे असते. तो झोपलेला असताना अचानक स्पर्श केला तर दचकून तोंड मारू शकतो, म्हणून आधी जमिनीवर पाय आपटून कंप पोहोचू द्यावा किंवा नाकाजवळ हात धरून वास येऊ द्यावा. मोकळ्या जागेत त्याचा पट्टा कधीही सोडू नये, कारण मागून येणारे वाहन त्याला ऐकू येत नाही. ठिपकेदार फिकट रंग देणारा ‘मर्ल’ हा जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेल्या पिल्लांत बहिरेपणा आणि डोळ्यांचे जन्मजात दोष पुष्कळदा आढळतात. आमच्याकडचे काही बहिरे कुत्रे अशाच हौशी पैदाशीतून आलेले आहेत, आणि त्याबद्दल आम्हाला काय वाटते ते इथे लिहिण्याजोगे नाही.

तीन पायांच्या कुत्र्याला पाहून माणसांना जेवढा कळवळा येतो तेवढी त्याला त्याची गरज नसते. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढचा पाय गमावलेल्या कुत्र्याला मागचा पाय गमावलेल्यापेक्षा थोडे अवघड जाते. दोघांच्याही बाबतीत खरी काळजी वजनाची घ्यावी लागते, कारण प्रेमापोटी भरवलेला जादा घास उरलेल्या तीन पायांना सोसावा लागतो.

मधुमेह असलेल्या कुत्र्याला सहसा दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने, जेवणाच्या वेळी इन्शुलिन द्यावे लागते. सुई बारीक असते आणि बहुतेक माणसे एका आठवड्यात हे शिकतात. अडचण येते ती वेळ पाळण्याची, आणि ज्यांची परतण्याची वेळ रोज बदलते त्यांना आम्ही हा कुत्रा देत नाही. अपस्मार असलेल्या कुत्र्याचे औषध पशुवैद्याला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये, कारण अचानक बंद केल्याने जोराचे झटके येतात. झटका आला तर त्याच्या तोंडात हात घालू नये, आजूबाजूचे टणक सामान दूर करावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक चाललेला झटका ही तातडीची बाब असते.

जोड्यांबद्दल थोडेसेच सांगायचे आहे. जोडी म्हणून सोपवलेल्या प्रत्येक दोन कुत्र्यांची खरोखर जोडी असतेच असे नाही. कधी एक दुसऱ्याला दाबून ठेवत असतो आणि वेगळे केल्यावर दोघेही सुटकेचा निःश्वास टाकतात. आम्ही तपासून पाहतो, आणि जिथे एकाने दुसऱ्यावाचून खाणे सोडले ती जोडी आम्ही कितीही काळ थांबावे लागले तरी फोडत नाही.

बुजरे कुत्रे

चौकशी करणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणतात की आम्ही त्याला इतके प्रेम देऊ की त्याची भीती जाईल. या वाक्याने आम्ही थोडे सावध होतो. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात भेटलेली माणसे, आवाज आणि वस्तू त्याला जन्मभर नेहमीच्या वाटतात. तो काळ ज्याचा अडगळीत किंवा पिंजऱ्यात गेला, त्याला पुढे जिना, छत्री, पुरुषाचा जाड आवाज असे काहीही भयंकर वाटू शकते. ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघते, पण पूर्णपणे क्वचितच, आणि ती भरण्यासाठी कुरवाळण्यापेक्षा एकटे सोडण्याचा जास्त उपयोग होतो. त्याच्याकडे टक लावून पाहू नये, वरून हात नेऊन डोके थोपटू नये, त्याच्या कोपऱ्यात कोणी जाऊ नये. खोलीत बसून आपले काम करत राहावे आणि अधूनमधून त्याच्या दिशेने खाऊ टाकावा. त्याने स्वतः येऊन हाताचा वास घेतला तो दिवस कदाचित सहाव्या आठवड्यात उजाडेल. घरात आधीच एखादा शांत कुत्रा असेल तर मात्र हे काम पुष्कळ लवकर होते, कारण नवा कुत्रा त्याच्याकडे पाहून माणसांवर किती विश्वास टाकायचा ते ठरवतो. त्यामुळे काही बुजरे कुत्रे आम्ही केवळ अशाच घरांना देतो.

बुजरा कुत्रा पहिल्या काही दिवसांतच निसटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, आणि निसटलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चुकवून पळतो. म्हणून आमचा आग्रह असतो की सुरुवातीला त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला एक आणि अंगावरच्या हार्नेसला दुसरी अशा दोन दोऱ्या लावाव्यात, आणि बाहेरचे दार उघडण्यापूर्वी आतले बंद करावे. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा अंकी क्रमांकाची मायक्रोचिप बसवलेली असते, आणि तिची नोंद तुमच्या नावावर झाल्याशिवाय आम्ही त्याला बाहेर सोडत नाही. ही चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. सापडलेला कुत्रा कोणाचा आहे एवढेच ती सांगते.

चावलेले कुत्रे

‘चावलेला कुत्रा’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी मावतात. इयान डनबर या पशुवैद्य-प्रशिक्षकांनी चाव्याच्या तीव्रतेच्या सहा पायऱ्या आखल्या आहेत आणि आम्ही त्याच वापरतो. पहिल्या पायरीत कुत्रा अंगावर येतो पण दात लागत नाहीत. दुसऱ्या पायरीत दात कातडीला लागतात पण खोल रुतत नाहीत. तिसऱ्या पायरीत एका चाव्यात एक ते चार छिद्रे पडतात, तीही सुळ्याच्या निम्म्या लांबीहून उथळ. चौथ्या पायरीत निदान एक छिद्र त्याहून खोल जाते. पाचवीत असे खोल चावे अनेक असतात आणि सहावीत बळी जातो. आम्ही पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंतचेच कुत्रे स्वीकारतो. त्यापुढच्या कुत्र्याला घर शोधून देणे हे, कितीही वाईट वाटले तरी, समोरच्या कुटुंबाशी प्रामाणिकपणाचे नाही असे आमचे मत आहे.

तिसऱ्या पायरीपर्यंतच्या बहुतेक प्रकरणांत कुत्र्याने आधी बजावलेले असते. त्याने मान वळवलेली असते, ओठ चाटलेले असतात, अंग ताठ केलेले असते, गुरगुर केलेली असते, आणि कोणीच ऐकले नाही तेव्हा दात वापरलेले असतात. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि थेट चावू लागतो, म्हणून आमच्या ग्राहकांना आम्ही विनंती करतो की गुरगुर ऐकू आली की मागे सरावे, आणि ती कशामुळे आली ते लिहून आम्हाला कळवावे. अशा कुत्र्यासोबत आम्ही जाळीचे मुसके देतो. ते योग्य मापाचे असेल तर कुत्र्याला त्यातून धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते. तोंड बांधून टाकणारे कापडी मुसके फिरायला नेताना वापरू नये. मुसक्यातून खाऊ देत देत आम्ही त्याची सवय आधीच लावलेली असते, त्यामुळे ते पाहून कुत्रा स्वतःच तोंड पुढे करतो.

दत्तक घेण्याची आमची पद्धत

आम्ही कमीत कमी तीन भेटी ठेवतो: एक आमच्याकडे, एक फिरायला जाताना आणि एक तुमच्या घरी, आणि घरातल्या प्रत्येक माणसाने किमान एका भेटीला हजर असावे लागते. प्रश्न विचारतो ते तुम्हाला जोखण्यासाठी नाही. जिना आहे का, शेजारच्या घरातून आवाज किती येतो, दिवसभर घरी कोण असते, दार कोण उघडे टाकते, घरातल्या कोणाला कुत्रा नको आहे का, या साध्या उत्तरांवरून कोणता कुत्रा तिथे टिकेल हे कळते. मागितलेला कुत्रा आम्ही कधी कधी नाकारतो आणि दुसरा सुचवतो. त्यातले काही ग्राहक रागावून निघून जातात, आणि ते आम्हाला परवडते.

यानंतर तीन महिन्यांचा चाचणीचा काळ असतो. कुत्र्याला भांबावलेपण ओसरायला साधारण तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि ते आपले घर वाटायला तीन महिने लागतात, असा ठोकताळा या क्षेत्रात सांगितला जातो. बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे आकडे कमीच पडतात. या काळात आमचा प्रशिक्षक ठरलेल्या वेळी घरी येतो. नसबंदी, लसीकरण, मायक्रोचिप, तात्पुरत्या पालकाकडचा खर्च आणि प्रशिक्षकाच्या या भेटी आमच्या शुल्कात धरलेल्या असतात. पुढची औषधे आणि आहार धरलेला नसतो, आणि आजारी कुत्र्याच्या बाबतीत मोठा खर्च तोच असतो, म्हणून पशुवैद्याचा लेखी अंदाज आम्ही सही होण्यापूर्वी दाखवतो.

कुत्रा नाहीच जमला तर तो कधीही, अगदी काही वर्षांनीही, आम्ही परत घेतो. तो दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नये, एवढी एक अट करारात आहे. परत आणताना त्याच्या औषधांच्या वेळा, त्याला लागलेल्या नव्या सवयी आणि न जमण्याचे कारण आहे तसे लिहून द्यावे, कारण पुढच्या घराला त्याचाच आधार असतो. त्याचे अंथरूण न धुता सोबत पाठवावे. अनोळखी खोलीतल्या पहिल्या रात्री त्याला त्याच्या ओळखीचा तेवढाच वास मिळतो.