भंगार धातूची प्राणिशिल्पे

निकामी यंत्रभाग, वाहनांचे सुटे भाग, शेतीची मोडकी अवजारे, सळ्या व पत्रे जोडून घडविलेली आणि उघड्यावर उभारलेली प्राण्यांची शिल्पे. ओतकामात धातू वितळतो आणि त्याचा मूळ आकार नाहीसा होतो. येथे तो आकार मुद्दाम राखला जातो. साखळीचा कणा होतो, दातेरी चक्राचा सांधा होतो, आणि पाहणाऱ्याला प्राणी व यंत्रभाग दोन्ही एकाच वेळी दिसत राहतात. केवळ भंगाराचा थर चढवून आकार भरून काढलेली शिल्पे म्हणूनच फिकी वाटतात.

पाब्लो पिकासो यांनी 1942 मध्ये सायकलची बैठक व हँडल एवढ्यांतूनच बैलाचे मस्तक साकारले. ते उघड्यावरचे शिल्प नसले, तरी या कलेचे तत्त्व इतक्या काटकसरीने क्वचितच कोणी मांडले असेल. अमेरिकेतील डेबोरा बटरफील्ड यांनी भंगारातून प्रामुख्याने घोडे घडविले, तर जॉन कर्नी यांनी मोटारींच्या क्रोम बंपरांतून विविध प्राणी साकारले. नॉर्थ डकोटा राज्यात ग्लॅडस्टोन ते रीजंट या सुमारे 51 किमी. रस्त्यालगत गॅरी ग्रेफ यांनी नाकतोडे, हरणे, मासे यांची अवाढव्य शिल्पे उभारली आहेत; त्यांपैकी उडत्या हंसांचे 2001 मधील शिल्प सुमारे 33 मी. उंच आहे.

प्रथम सळ्यांचा सांगाडा उभा करून प्राण्याची ढब आणि तोल निश्चित करतात. त्यावर निवडलेले भाग आधी वेल्डिंगच्या छोट्या, तात्पुरत्या टाक्यांनी अडकवून, आकार जमल्यावर पक्के वेल्डिंग करतात. बिडाचे तुकडे सांधताना तडकतात, म्हणून ते आधी तापवून निकेलयुक्त इलेक्ट्रोडने (वेल्डिंगच्या कांडीने) जोडतात. जस्ताचा मुलामा वेल्डिंगपूर्वी खरवडून काढावा लागतो, कारण त्याच्या धुराने ताप येतो. बंद शॉक ॲब्सॉर्बर किंवा इंधनाची जुनी टाकी तापविल्यास स्फोटाचा धोका असतो.

उघड्यावर खरी कसोटी पाण्याची असते. खोलगट भागांत पाणी साचू नये म्हणून तळाशी छिद्रे ठेवतात. ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांना टेकले आणि ओलावा राहिला, तर ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. गंजाचा तांबूस रंग अनेक शिल्पकारांना हवा असतो. परंतु विशिष्ट मिश्रपोलादावर बसणारा गंजाचा घट्ट, संरक्षक थर साध्या पोलादावर तयार होत नाही, त्यामुळे तेथे मेण किंवा पारदर्शक लेप ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो.