पाळण्यातले पाय कोणाला दिसतात?

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यातला दावा लक्षातच येत नाही. हुशारी असेल तर ती दिसणारच, आणि दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच, असा तो दावा आहे. पालक आणि शिक्षक तर तो मानतातच, पण एके काळी मानसशास्त्रातली मोठी माणसंही हेच गृहीत धरून कामाला लागली होती.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात असामान्य बुद्धीची मुलं शोधायला सुरुवात केली. शिक्षकांनी वर्गातली हुशार मुलं सुचवायची, मग त्यांची बुद्धिमापन चाचणी घ्यायची, अशी साधारण पद्धत होती. दीड हजारांहून अधिक मुलं निवडली गेली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला गेला. त्यांतल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. चाचणी देऊनही निवडीच्या रेषेखाली राहिलेल्यांत मात्र विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं होती. त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल अनुक्रमे १९५६ आणि १९६८ मध्ये मिळालं.

दोन उदाहरणांवरून शास्त्र उभं राहत नाही, हे मान्य. पण ही दोघं सुशिक्षित, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली होती. चाचणी जणू त्यांच्यासारख्यांना समोर ठेवूनच बेतलेली होती, तरी ती चुकली. मग ज्याच्या घरची भाषा वेगळी, बोलण्याची रीत वेगळी, ‘प्रश्न’ म्हणजे काय याची कल्पनाच वेगळी, अशा मुलाचं काय होत असेल?

प्रश्नाची कल्पना वेगळी कशी असू शकते, याचं माझं आवडतं उदाहरण लायबेरियातलं आहे. मायकेल कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या क्पेले समाजातल्या शेतकऱ्यांसमोर खाण्याचे पदार्थ, अवजारं, भांडी, कपडे अशा वस्तू ठेवल्या आणि सारख्या वस्तूंचे गट करायला सांगितलं. लोकांनी सुरी आणि संत्रं एकत्र ठेवलं, कारण सुरीने संत्रं कापतात. चाचणीच्या हिशेबाने हे ‘खालच्या पातळीचं’ उत्तर, कारण फळं फळांबरोबर आणि हत्यारं हत्यारांबरोबर जायला हवीत. असं का केलं, असं विचारल्यावर शहाणा माणूस असंच करेल, असं उत्तर आलं. शेवटी वैतागलेल्या संशोधकाने विचारलं, मग मूर्ख माणूस कसं करेल? त्याबरोबर पदार्थ, अवजारं, भांडी असे नीटनेटके गट समोर आले. थोडक्यात, क्षमता पहिल्यापासून होती. शहाणपण कशाला म्हणायचं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं एवढंच.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला १९८५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच जातीचा आहे. रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांनी गिऱ्हाइकाशी बोलताना केलेले हिशेब सुमारे ९८ टक्के बरोबर होते. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणं म्हणून दिल्यावर प्रमाण ७४ टक्क्यांवर आलं आणि कागदावर नुसती आकडेमोड दिल्यावर ३७ टक्क्यांवर. मुलं फक्त पाच होती, त्यामुळे टक्क्यांना फार कवटाळू नये. पण मूल तेच, गणित तेच, आणि प्रश्नाचा नुसता वेश बदलल्यावर निकाल असा कोसळतो, हे विसरण्यासारखं नाही.

आता यावर हमखास येणारा आक्षेप : चाचणीच्या अशा दोषामुळे फार तर चार-पाच गुण इकडेतिकडे होतील, त्याचा एवढा बाऊ कशाला? इथे संख्याशास्त्र फार सुंदर उत्तर देतं. त्यासाठी थोडी आकडेमोड सहन करावी लागेल.

बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असेल अशीच चाचणी बेतलेली असते. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत याचं माप. गुणांचा आलेख घंटेसारखा दिसतो : मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. ‘गिफ्टेड’, म्हणजे प्रज्ञावान, म्हणण्यासाठी बहुतेक ठिकाणी १३० च्या आसपास रेषा आखतात, म्हणजे सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनं. हजार मुलांत या रेषेपलीकडे साधारण २३ मुलं असतात.

समजा, दुसऱ्या एका गटातली मुलं क्षमतेत अगदी पहिल्या गटासारखीच आहेत, पण चाचणीची भाषा आणि धाटणी परकी असल्यामुळे प्रत्येकाचे पाच गुण कमी पडतात. घंटा तशीच आहे, फक्त पाच गुणांनी डावीकडे सरकली. मधोमध पाहिलं तर फरक बेताचा दिसतो : १०० च्या वर पहिल्या गटातली ५०० मुलं, दुसऱ्यातली सुमारे ३७०. पण टोकाला जा. १३० च्या रेषेपलीकडे पहिल्या गटातली २३ आणि दुसऱ्यातली फक्त १०! निम्म्याहून कमी. दहा गुणांचा फरक असेल तर उरतात चार. रेषा आणखी वर, १४५ वर नेली, तर पाच गुणांच्या फरकाने एक तृतीयांशच मुलं उरतात आणि दहा गुणांच्या फरकाने अकरातलं एक.

कारण घंटेच्या आकारात आहे. मध्यापासून दूर जाताना आलेख नुसता उतरत नाही, दर पावलाला उरलेल्यांपैकी आधीपेक्षा मोठा हिस्सा गळत जातो. त्यामुळे सरासरीत जेमतेम जाणवणारा फरक टोकाला अनेक पटींनी मोठा होतो. तुम्ही जितकी ‘दुर्मीळ’ हुशारी शोधाल, तितका मोजमापातला छोटासा कल जास्त नुकसान करतो. सर्वसाधारण वर्गासाठी चालून जाणारी चाचणी प्रज्ञावान मुलांच्या निवडीत म्हणूनच घात करते.

आणि ही झाली एकाच दाराची गोष्ट. प्रत्यक्षात दारं दोन असतात : आधी शिक्षकाची शिफारस, मग चाचणी. दोन्ही ओलांडायची असल्यामुळे प्रमाणांचा गुणाकार होतो. समजा, चाचणीत पार होऊ शकणाऱ्या मुलांपैकी पहिल्या गटातली दहापैकी सहा शिक्षकाच्या नजरेत भरतात आणि दुसऱ्या गटातली दहापैकी तीन. मग २३ ची होतात १४, आणि १० ची होतात ३. मूळ क्षमता सारखी असूनही चौदास तीन. याच्यावर चाचणीची स्वतःची चूक. विश्वसनीयता (चाचणी पुन्हा घेतल्यावर गुण किती जुळतात याचं माप) ०.९ असलेल्या, म्हणजे उत्तम मानल्या जाणाऱ्या चाचणीतही एका मुलाच्या गुणांत जवळजवळ पाच गुणांची प्रमाण त्रुटी असते, म्हणजे गुण खऱ्या क्षमतेच्या साधारण तेवढे वर-खाली होतात. ज्याचा ‘खरा’ बुद्ध्यांक बरोबर १३० आहे, त्याची पार होण्याची शक्यता निम्मीच. अशा दोन स्वतंत्र चाचण्या ‘दोन्हींत पास’ या अटीवर घेतल्या, तर ती एक चतुर्थांश होते. दोन्ही चाचण्यांची सरासरी काढली तर त्रुटी उलट घटते. तरीही ‘जास्त कडक म्हणजे जास्त अचूक’ या भ्रमापोटी लोक दारांवर दारं बसवत जातात.

शिक्षकांना खलनायक करायचं नाही. ज्या मुलाचं बोलणं, विनोद, गप्प बसणंसुद्धा आपल्याला वाचता येतं, त्याची हुशारी लवकर दिसते. अमेरिकेतल्या देशव्यापी माहितीवर ग्रिसम आणि रेडिंग यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की परीक्षेतले गुण सारखे असतानाही कृष्णवर्णीय मुलांची प्रज्ञावान वर्गासाठी निवड कमी होते, आणि शिक्षक कृष्णवर्णीय असेल तर, विशेषतः वाचनाच्या बाबतीत, ही तूट मोठ्या प्रमाणात भरून निघते.

पहिलं दार काढूनच टाकलं तर? फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये हेच केलं. शिफारशीची वाट न पाहता दुसरीतल्या सगळ्याच मुलांना आकृत्यांवर आधारलेली एक छोटी चाचणी दिली आणि त्यात वर आलेल्यांना मानसशास्त्रज्ञाकडे पूर्ण चाचणीसाठी पाठवलं. अंतिम पात्रतेचा निकष तिळमात्र बदलला नाही. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जूलियानो यांच्या विश्लेषणानुसार प्रज्ञावान ठरलेल्या गरीब आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं. ही मुलं आधीही त्याच वर्गांत बसत होती. पुढे मंदीच्या काळात खर्चकपातीत ही चाळणी थांबली आणि जुनी विषमता परतली.

याचा अर्थ सगळी तफावत मोजमापाचीच, असा घेऊ नये. गरिबी, आजारपण, पुस्तकांचा अभाव यांनी खरोखरची क्षमताही खुंटते, आणि चाचणी सुधारून ती भरून येत नाही. आकृत्यांच्या चाचण्या ‘संस्कृतिमुक्त’ असतात, ही जाहिरातही अर्धवटच खरी. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी आपल्या चाचणीला आधी ‘संस्कृतिमुक्त’ म्हटलं आणि नंतर नाव बदलून ‘संस्कृतिन्याय्य’ केलं. विसाव्या शतकात पिढीगणिक गुण सर्वांत जास्त वाढले ते रेव्हनच्या आकृत्यांसारख्या चाचण्यांमध्येच. संस्कृतीचा स्पर्श नसता तर ते कशाने वाढले असते?

आणि जिथे खऱ्या चाचण्यांची ही गत, तिथे बोटांच्या ठशांवरून मुलाची ‘जन्मजात प्रज्ञा’ सांगणाऱ्यांबद्दल काय बोलावं? ठशांच्या रेषा जन्माआधीच, गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. त्यांचा मुलाच्या बुद्धीशी संबंध असल्याचा कोणताही भरवशाचा पुरावा नाही. रंगीत अहवाल मात्र झकास छापलेला असतो.

चाचणीपेक्षा वेगळी वाट रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्कींनी १९३० च्या दशकातच दाखवली होती. दोन मुलं, दोघांचं मानसिक वय आठ. थोडी मदत, एखादा सूचक प्रश्न दिल्यावर एक मूल बारा वर्षांच्या मुलाची कोडी सोडवतं, दुसरं नऊच्या पुढे जात नाही. ही दोन मुलं सारखी म्हणायची का? यातूनच ‘गतिमान मूल्यमापन’ आलं : आधी चाचणी, मग थोडं शिकवणं, मग पुन्हा चाचणी. इथे मूल आज कुठे उभं आहे यापेक्षा ते किती वेगाने चढतं हे पाहतात. प्रश्नाची धाटणी परकी होती म्हणून मागे पडलेलं मूल ती धाटणी कळताच झपाट्याने वर येतं. अडचण एवढीच की याला वेळ लागतो, प्रशिक्षित माणूस लागतो, आणि दोन चाचण्यांच्या फरकात दोन्हींच्या चुका एकत्र येतात.

आता प्रत्यक्ष शिकवणं. १९९५ मध्ये ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी संस्कृतीशी नातं जोडणाऱ्या अध्यापनाची मांडणी केली, तेव्हा पहिली अट विद्यार्थ्याने अभ्यासात यशस्वी होण्याची होती. दुसरी, आपल्या संस्कृतीशी नाळ टिकवण्याची आणि तिसरी, समाजाकडे चिकित्सकपणे पाहण्याची. वर्गात उतरताना पहिली अट बऱ्याचदा गळून पडते आणि उरतात सण, पोशाख, भिंतीवरचे तक्ते. तेज मुलाला याचा काय उपयोग? त्याला अवघड प्रश्न हवा असतो, फक्त त्याला शिरता येईल अशा दारातून.

हवाईतल्या कीप (KEEP) या शिक्षण प्रकल्पात असं दार सापडलं. तिथली मूळ निवासी मुलं गोष्ट सांगताना एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळत पुढे नेतात. ‘हात वर करा, एकेकाने बोला’ या शिस्तीत ती मुकी व्हायची. शिक्षकांनी वाचनाच्या तासाला ही सामायिक बोलण्याची रीत चालू दिली आणि चर्चा मूळ मजकुराला धरून, जास्त नेमकी होऊ लागली. लोभ सुटून हाच नमुना पुढे ॲरिझोनातल्या रफ रॉक इथे नवाहो मुलांसाठी नेला, तर तो जसाच्या तसा चालला नाही. अर्ध्या गोष्टीवर थांबून चर्चा करणं त्या मुलांना रुचेना. आधी पूर्ण गोष्ट ऐकू द्या, मग बोलू, असा त्यांचा आग्रह होता. मुलामुलींचे मिश्र गटही तिथे जमेनात. म्हणजे ‘अमुक समाजाची मुलं अशी शिकतात’ असं तयार पाकीट कोणी विकायला आलं, तर ते ठशांच्या अहवालाशेजारी ठेवावं. समोरच्या वर्गाचं निरीक्षण करणं शिक्षकाला टाळता येत नाही.

ब्रॉवर्डमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पुरेशी प्रज्ञावान मुलं नसलेल्या शाळांत त्यांच्यासाठीच्या वेगळ्या वर्गातल्या उरलेल्या जागा, बुद्ध्यांकाची रेषा न ओलांडलेल्या पण आदल्या वर्षी परीक्षेत सर्वांत पुढे असलेल्या मुलांना दिल्या गेल्या. त्यांतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे गणित आणि वाचनाचे गुण सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाने वाढले आणि ती वाढ किमान सहावीपर्यंत टिकली. गोऱ्या मुलांत असा परिणाम आढळला नाही. ज्यांनी बुद्ध्यांकाच्या जोरावर प्रवेश मिळवला, त्यांच्या परीक्षेतल्या गुणांतही फारशी भर पडली नाही. अभ्यासक्रम जवळपास तोच होता. संशोधकांचा कल असा, की आधीच्या वर्गात शिक्षकांच्या कमी अपेक्षांमुळे आणि सोबत्यांच्या दबावामुळे ही मुलं आपल्या कुवतीखाली राहत होती, आणि नव्या वर्गात ते दोन्ही हटलं.