बोहेमियन ऱ्हॅप्सडी : समीक्षा आणि खप

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडची ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी निघालेली सिंगल, म्हणजे एकाच मुख्य गाण्याची, तबकडी. गीत आणि संगीत बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचे, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेल्या, शाळकरी मित्रांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये तो वाजवणाऱ्या फारुख बलसाराचे.

गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. रेडिओवर वाजणारे गाणे त्या काळी साधारण तीन मिनिटांचे असे. शिवाय याला ध्रुवपद नाही. पियानोवरची संथ सुरुवात, गिटारचा तुकडा, ऑपेराची समूहगायकी, मग कडक रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता, असा त्याचा प्रवास. इतके लांब गाणे चालेल असे तबकडी काढणाऱ्या ईएमआय कंपनीला वाटेना आणि बँड काटछाट करू देईना. कोंडी फुटली ती लंडनच्या कॅपिटल रेडिओवर. निवेदक केनी एव्हरेटने हाती आलेली प्रत दोन दिवसांत १४ वेळा वाजवली; तबकडी बाजारात येण्याआधीच दुकानांत तिची विचारणा सुरू झाली. नोव्हेंबरअखेर ती ब्रिटिश विक्रीयादीत पहिली आली आणि सलग ९ आठवडे तिथेच राहिली. ब्रूस गावर्सने काही तासांत चित्रित केलेला व्हिडिओ बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर दाखवला जाई, त्याचाही या यशात मोठा वाटा होता. अमेरिकेत मात्र गाणे नवव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले.

समीक्षकांचे एकमत नव्हते. रचनेतले कसब मान्य करूनही काहींना ऑपेराचा भाग उसना, दिखाऊ वाटला. हा आक्षेप घाईचा होता. खुनाची कबुली देणारा मुलगा आणि त्याला सोडावे की नाही यावर भांडणारे आवाज, हा गाण्याचा गाभाच त्या भागात आहे. मर्क्युरी आणि बँडमधले ब्रायन मे व रॉजर टेलर या तिघांनीच आवाजावर आवाज चढवत तो समूह उभा केला, त्यासाठी सुमारे तीन आठवडे खर्ची घातले. १९७७च्या ब्रिट पुरस्कारांत मागील २५ वर्षांतील सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचा मान या तबकडीला विभागून मिळाला.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीचे एड्समुळे निधन झाले. डिसेंबरात पुन्हा काढलेली तबकडी ५ आठवडे अग्रस्थानी राहिली. तेच ध्वनिमुद्रण दोन वेगवेगळ्या नाताळांत ब्रिटनमध्ये पहिले येण्याची ही पहिलीच वेळ. तिचे उत्पन्न एड्सच्या क्षेत्रात काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले गेले. १९९२मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटातल्या मोटारीतल्या प्रसंगामुळे अमेरिकेतली तरुण पिढी या गाण्याकडे वळली आणि सोळा वर्षांनी ते तिथे दुसऱ्या क्रमांकावर चढले. एकट्या ब्रिटनमध्ये तबकडीचा खप २५ लाखांवर गेला आहे. मर्क्युरीवरील २०१८च्या चित्रपटानंतर, जुलै २०१९मध्ये, गाण्याच्या जुन्या व्हिडिओने यूट्यूबवर १०० कोटी प्रेक्षणांचा टप्पा ओलांडला. १९९०पूर्वीच्या कोणत्याही संगीत-व्हिडिओला तोवर हे जमले नव्हते.