सर्पगंधा ते डोपामाइन : मनोविकारांच्या रासायनिक उपपत्तीची पार्श्वभूमी

नैराश्य म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाची कमतरता, हे विधान आज इतके सर्वतोमुखी झाले आहे की रुग्णांच्या मेंदूत अशी कमतरता आधी आढळली आणि ती भरून काढणारी औषधे त्यानंतर शोधली गेली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षातला क्रम उलटा होता. औषधे आधी हाती लागली, तीही बहुधा दुसऱ्याच कारणासाठी, आणि त्यांचे परिणाम पाहून आजाराविषयीचे तर्क मागाहून मांडले गेले. या घडामोडींत सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडेही बराचसा विस्मरणात गेला आहे.

सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग सर्पदंशापासून निद्रानाश आणि उन्मादापर्यंत अनेक तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या होत आला असून, बिहारकडे ती ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जाई. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली लिहिलेल्या लेखात या मुळीचे दोन गुण एकत्र नोंदवले : ती प्रक्षुब्ध मनोरुग्णाला शांत करते आणि वाढलेला रक्तदाब उतरवते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे (वनस्पतींतील नत्रयुक्त, औषधी गुणांची द्रव्ये) वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. मात्र मनाला शांत करणारा मुख्य घटक त्यांत नव्हता.

पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले ते मुंबईमुळे, आणि तेही रक्तदाबाच्या निमित्ताने. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेल्या सर्पगंधेच्या चाचणीचा अहवाल 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपीन हे मनाला शांत करणारे मुख्य द्रव्य वेगळे केले. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि 1954 साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली.

पॅरिसमध्ये याच सुमारास दुसरी वाट उघडली होती. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीरावर पडणारा ताण कमी व्हावा म्हणून आन्री लाबोरी हे शल्यविशारद क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरत होते. मनोविकारतज्ज्ञ ज्याँ दले आणि पिएर देनिकेर यांनी 1952 मध्ये ते मनोरुग्णांना दिले. त्याआधी तीव्र मनोविकारांवर इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी, विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया हेच मुख्य उपाय होते. त्यांतील झटक्यांचा उपचार, भूल देऊन आणि बऱ्याच सुधारित रूपात, आजही निवडक रुग्णांसाठी वापरला जातो. नव्या औषधांसाठीच्या 1957 च्या लास्कर या अमेरिकी वैद्यकीय पुरस्काराच्या मानकऱ्यांत लाबोरी, देनिकेर आणि क्लाइन यांच्यासोबत डॉ. वकीलही होते.

रेसरपीनचा खरा ठसा मात्र उपचारांपेक्षा विचारांवर उमटला. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने 1955 साली दाखवून दिले की या औषधामुळे शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते होतात. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये रेसरपीनमुळे निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामाइन बनते ते द्रव्य, दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामाइन स्वतंत्र संदेशवाहक आहे या शोधाचा पाया असा घातला गेला, कंपवातावर एल-डोपाचा उपचार त्यातूनच पुढे आला आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

दरम्यान, रक्तदाबासाठी रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य येते, असे डॉक्टर नोंदवू लागले होते. उलट, क्षयरोगासाठी आलेल्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती सुधारलेली दिसत होती. एक औषध मेंदूतील सेरोटोनिनसारखी संदेशवाहक द्रव्ये घटवते आणि दुसरे त्यांचा नाश रोखते, या विरोधातून 1965 च्या सुमारास नैराश्याची रासायनिक उपपत्ती आकाराला आली. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे डोपामाइनचा परिणाम अडवतात, यावरून स्किझोफ्रेनियाची (छिन्नमनस्कतेची) देखील तशीच उपपत्ती मांडण्यात आली. तर्क आकर्षक होता, पण तापावर पॅरासिटामॉल लागू पडते म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची कमतरता होती असे ठरत नाही. रेसरपीनमुळे नैराश्य येते या मूळ निरीक्षणावरही पुढील अभ्यासांनी शंका घेतली आहे. मनोविकारांवरील औषधांचा अनेक रुग्णांना उपयोग होतो हे खरेच आहे. केवळ त्यावरून आजाराचे कारण सिद्ध होत नाही, एवढाच याचा अर्थ.

रक्तदाब अतिरेकी उतरण्यासारख्या दुष्परिणामांमुळे आणि अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाल्यामुळे मनोविकारांवरील उपचारांतून रेसरपीन लवकरच मागे पडले, तर मुळीसाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. रेसरपीन चेतापेशींतील ज्या वाहक प्रथिनाला निकामी करते, त्याचाच एक प्रकार रोखणारे व्हॅल्बेनाझिन हे नवे औषध अमेरिकेत 2017 साली मंजूर झाले. मनोविकारांवरील औषधे दीर्घकाळ घेतल्याने काही रुग्णांच्या चेहऱ्याच्या आणि जिभेच्या ज्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, त्यांवर ते दिले जाते.