शिटाके, गुळवेल आणि साखळीचा पीळ

भाकरीतला स्टार्च आणि शिटाके अळंबीतलं लेंटिनान, दोन्ही ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. फरक आहे तो जोडणीत. स्टार्चची अल्फा जोडणी आपले पाचकरस सहज तोडतात. लेंटिनानचा कणा बीटा-१,३ जोडणीचा, आणि ती तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही.

ही गोष्ट औषधी वनस्पतींतल्या शर्करासाखळ्यांची, आणि अळंबी खरं तर वनस्पती नव्हे, बुरशी. पण नीट तपासल्या गेलेल्या औषधी शर्करासाखळ्यांमध्ये लेंटिनान येतं. तोक्योतल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात गोरो चिहारा यांच्या गटाने १९६९ मध्ये दाखवलं की लेंटिनान टोचल्यावर उंदरांतली सार्कोमा-१८० ही गाठ विरते. गंमत म्हणजे हा पदार्थ कर्कपेशींना स्वतः मारत नाही. थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांत त्याचा प्रभाव पडला नाही, कारण खरं काम थायमसमध्ये घडणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, करत होत्या.

मग ही साखरेची साखळी काय करते? बुरशीच्या पेशीभित्तिकेत असेच बीटा-ग्लुकान, म्हणजे बीटा जोडणीच्या ग्लुकोजसाखळ्या, असतात. त्यांना ओळखायला आपल्या भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ग्राही असतो. तो जागा झाला की पुढची फौज हलते.

इथे आकाराला फार महत्त्व आहे. कण्यातल्या दर पाच ग्लुकोजमागे दोन फांद्या, आणि अशा तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींभोवती वळलेल्या. डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात विरघळवलं की हा पीळ सुटतो. साखर तीच, जोडणीही तीच. तरी उंदरांतला परिणाम बराच घटतो.

जपानने १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला लेंटिनानचं इंजेक्शन मंजूर केलं. पुढे तीनशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मात्र एस-१ या केमोथेरपीच्या औषधाला त्याची जोड देऊन आयुष्य वाढलं नाही. सार्कोमा-१८० ही परक्या उंदरातून आणून रुजवलेली गाठ. तिला हुसकावणं प्रतिकारशक्तीला मुळातच सोपं, हे उंदरांचे आकडे वाचताना लक्षात घ्यायला हवं.

आपल्याकडची गुळवेल या कथेत मुंबईमार्गे येते. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिच्या खोडातून जी१-४ए ही अरॅबिनोगॅलॅक्टन (अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांची) साखळी वेगळी केली. ती टीएलआर-४ या ग्राहीमार्फत भक्षक पेशींना चेतवते, आणि तिने तयार केलेल्या डेंड्रिटिक पेशी (याही प्रतिकारशक्तीच्याच) प्रयोगशाळेत कर्कपेशी मारतात. अशा प्रयोगांत एक खोच असते: जिवाणूंच्या भित्तिकेतलं विष, एंडोटॉक्सिन, हेही याच ग्राहीला चेतवतं, त्यामुळे नमुन्यातली किंचित भेसळही भलताच निष्कर्ष देऊ शकते.

पण इंजेक्शनची शुद्ध साखळी वेगळी, घरचा काढा वेगळा. कोविडच्या पहिल्या वर्षी, २०२० च्या अखेरीस, गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. लक्षणं स्वयंप्रतिकारी यकृतदाहासारखी होती, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते तशी. काढ्यात कितीतरी घटक असतात, तेव्हा ठपका एकट्या शर्करासाखळीवर ठेवता येत नाही. आयुष मंत्रालयाने तर रुग्णांनी घेतली ती वेल गुळवेलच होती का, असा सवाल केला.