‘जिल्हा : बॉम्बे’ – मॉरिशसच्या मराठी पूर्वजांचा माग

मार्च 2024 मध्ये भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओळखपत्राची) सवलत सातव्या पिढीपर्यंत वाढवली. त्यासाठी मूळ पूर्वज भारतातून आल्याचा कागद दाखवावा लागतो. तो सहसा मॉरिशसमधल्या मोका इथे जपलेल्या स्थलांतरितांच्या नोंदवह्यांमधून मिळतो. त्यामुळे आजवर घरगुती कुतूहलाचा असलेला प्रश्न आता फायलीत आला आहे: आमचा पहिला माणूस नक्की कुठला?

1834 चे ‘अ‍ॅटलास’ जहाज, त्यातून मॉरिशसला गेलेले 36 करारबद्ध मजूर, ते उतरत त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या हे सगळे परिचयाचे आहे. पण त्या कथेत मराठी माणूस फारसा दिसत नाही, कारण ती मुख्यतः कलकत्त्याहून गेलेल्यांची आहे. मजूर बाहेर नेण्यावर 1839 साली घातलेली बंदी 1842 मध्ये उठली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही भरतीला परवानगी मिळाली. 1920 पर्यंत जवळपास साडेचार लाख माणसे मॉरिशसला उतरली. त्यांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता, आणि तोही बहुतेक सुरुवातीच्या दोन-अडीच दशकांतला. म्हणून मराठी घरांतले मूळ पुरुष तुलनेने जुने निघतात. मजुराच्या तिकिटावर, म्हणजे ओळखपत्रावर, फोटो लावायची सक्ती 1867 च्या कायद्याने आली. कलकत्त्याहून गेलेल्यांच्या भोजपुरी घरात कधी कधी पणजोबांचा चेहरा हाती लागतो, मराठी घरात बहुधा नुसत्या ओळी.

त्या ओळींत क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवले एवढे असते. निदान रकाने तरी तेवढे असतात. मी पाहिलेल्या एका उताऱ्यात कपाळावरचा व्रण नीट नोंदला होता, आणि गावाच्या जागी नुसती रेघ होती. जिल्हा : बॉम्बे.

हा एक शब्द जितक्या लोकांना चकवतो तितके दुसरे काही चकवत नसेल. बॉम्बे म्हणजे मुंबई शहर? माणूस जिथून जहाजावर चढला ते बंदर? की धारवाडपासून गुजरातेपर्यंत पसरलेला इंग्रजी अमलातला अख्खा मुंबई इलाखा? तिन्ही अर्थ लागू शकतात. कोकणातला माणूस गलबताने मुंबईला यायचा, हमाली किंवा बिगारीत काही महिने काढायचा आणि तिथे मुकादमाच्या हाती लागायचा. समोरच्या कारकुनाने ‘कुठून आलास?’ विचारल्यावर तो ‘मुंबईहून’ म्हणणारच. ते खोटे नव्हते. पण त्याचे घर मुंबईत होते असा अर्थ काढून वंशज थेट शहरातली दप्तरे धुंडाळू लागतात आणि वर्ष वाया घालवतात. या नोंदी शहरी मजुरांच्या आहेत असे कोणी म्हणू शकेल. मला ते पटत नाही. ज्या घरांत गणपती, गोंधळ आणि कोकणातल्या जाखडी नाचाशी नाते सांगणारी ‘झाकरी’ पाच-सहा पिढ्या टिकली, त्यांचे मूळ मी आधी कोकणातल्या वाडीवर शोधेन.

‘रत्नागिरी’ लिहिलेले असले तरी हुरळून जाऊ नये. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा, त्यामुळे मालवण-देवगडची माणसेही जुन्या कागदात रत्नागिरीचीच. सावंतवाडी मात्र संस्थान, तिची नोंद वेगळी. त्यात गावाचे नाव कारकुनाने कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवलेले. तिथे ळ आणि ल एक, ट आणि त एक, ण आणि न एक. अक्षरे जुळवत बसण्यापेक्षा ते नाव मोठ्याने म्हणून पाहावे, आणि शक्यतो त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसासमोर.

जातीच्या रकान्यातला ‘मऱ्हाटा’ हा असाच दुसरा गुंता. कारकुनाने तो कधी जात म्हणून लिहिला, कधी नुसता मराठी बोलणारा म्हणून. मॉरिशसमध्ये आज ‘मराठी’ हे समाजाचे नाव आहे, त्यात जुनी जात विचारण्याचे फारसे कारण उरत नाही. इकडे मात्र 2023 पासून गावोगावच्या नमुना 14 च्या (जन्म-मृत्यूच्या) वह्या आणि मोडी कागद कुणबी नोंदींसाठी चाळले जात आहेत. अशा वेळी तिकडचा उतारा घेऊन कोणी आले की त्या एका शब्दावर लोक भलतेच काही लादतात. गाव शोधायला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

आडनाव तर नोंदीत नसतेच. पुढे पूर्वजाचे किंवा त्याच्या बापाचे नावच घराण्याचे आडनाव झाले. समजा, पांडू वल्द रामा (रामाचा मुलगा पांडू) 1850 च्या सुमारास उतरला, तर त्याचे वंशज आज ‘पांडू’ म्हणून ओळखले जातील. मूळ आडनाव कळायला वाडीतले भाऊबंद सापडायला हवेत, आणि भाऊबंद शोधायला आडनाव हवे. गावातले जन्म-मृत्यूचे कागदही त्याच्या जाण्यानंतरच्या काळातले. म्हणून घरात कुलदैवताचे किंवा ग्रामदेवतेचे नाव उरले असेल तर ते कुठल्याही दप्तराइतकेच मोलाचे, कारण त्यावरून निदान पंचक्रोशी ठरते. उताऱ्यात ‘वरवडे’ वाचता आले तरी एक वरवडे कणकवलीजवळ आणि दुसरे रत्नागिरी तालुक्यात समुद्राकाठी. 1981 पर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात. मग परगण्याचा रकाना पाहायचा, आणि तोच नेमका कोरा असतो.